ब्रॅडमनला वगळणारी सही

रघुनाथराव ढोके यांना माणसांचा वीट यायला फार वेळ लागत नसे. वाचनालयाच्या पायरीवर कोणी पान थुंकलेलं दिसलं की त्यांची सकाळ नासली. नागपूरहून पॅसेंजरनं येणाऱ्या वर्तमानपत्रातला क्रिकेटचा मजकूर कोणी ब्लेडनं कापून नेलेला दिसला की दिवस नासला. आणि तोच कापणारा गडी संध्याकाळी त्याच मजकुराबद्दल चारचौघांत छातीठोकपणे उलटंसुलटं बोलताना ऐकला, की त्यांना जेवण जात नसे. पांढुर्ण्याच्या मराठी शाळेत ते मराठी आणि गणित शिकवत. अंगकाठी किरकोळ, आवाज बारीक, टोपी मात्र रोज धुतलेली. गाव त्यांना तोंडावर गुरुजी म्हणे आणि पाठीमागे नाकमुरडे गुरुजी म्हणे. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि दुसऱ्या नावाचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे.

मूळचे ते सौंसर तहसिलीतल्या रामाकोन्याचे. नागपूरला शिकायला असताना त्यांनी एकदा सी. के. नायडूंना खेळताना पाहिलं, आणि तेव्हापासून हा खेळ त्यांच्या मागे लागला तो लागलाच. स्वतः त्यांनी आयुष्यात दहा-बारा वेळा बॅट धरली असेल. पण पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत वीस वर्षांची कात्रणं होती, आणि ती सगळी डोक्यातही होती. ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडमन शेवटच्या डावात शून्यावर बाद झाला, नुसत्या चार धावा केल्या असत्या तर त्याची सरासरी पुरी शंभर झाली असती, ही गोष्ट ते गणिताच्या तासाला सरासरी शिकवताना सांगत. सांगताना दर वर्षी ते टोपी काढून हातात धरत. पोरं एकमेकांकडे बघून हसत आणि गुरुजींना पोरांचाही वीट येई.

एकच माणूस असं होतं की ज्याचा त्यांना कधी वीट आला नाही. ती त्यांची बायको, प्रेमलता. ती काटोलला मुलींच्या शाळेत शिकवायची आणि मुलगी सुधा तिच्यापाशी असायची. नोकरी सोडणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. त्यामुळं दर शनिवारी दुपारची शाळा सुटली की रघुनाथराव पॅसेंजर धरायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचे. सहा वर्षं हेच चाललं होतं. दर वर्षी ते काटोलला बदली मागायचे आणि दर वर्षी पुढल्या वर्षी बघू असं उत्तर यायचं. काटोल आणि पांढुर्णा एकाच राज्यात होते, तोवर त्या पुढल्या वर्षाला काहीतरी अर्थ होता.

छप्पन साली तो अर्थ संपायला आला. दिल्लीत कोणीतरी नकाशे पुढ्यात घेऊन बसले आणि ठरलं की नागपूर, काटोल, नरखेड मुंबई राज्यात जाणार आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहणार, राजधानी भोपाळ. नरखेड म्हणजे पांढुर्ण्याचं अगदी शेजारचं ठेसन. तिथली बोली तीच, संत्री तीच, सोयरीकही तीच. गावात मोर्चे निघाले. कापडाचे व्यापारी भैय्याजी कळंबे पुढे होते. आम्ही नागपूरसंगं, नाहीतर जीव देऊ, असं ते बाजारचौकात टेबलावर चढून बोलले. त्या दिवशी रघुनाथरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे श्रावणात कायदा झाला, तेव्हा त्याच भैय्याजींनी भोपाळच्या पाहुण्यांच्या स्वागतासाठी कमानीचं कापड मागवलं आणि दुकानात गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलायला लागले. आधीचं पाणी डोळ्यांतून काढल्याची रघुनाथरावांना फार लाज वाटली.

आता वाचनालयातल्या त्या संघाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्यातच अडकलं होतं.

पांढुर्ण्याच्या गणेशोत्सवात वाचनालयातर्फे दर वर्षी एक चर्चा होई. एकावन्न सालापासून विषय एकच, जगातला आजवरचा सर्वश्रेष्ठ क्रिकेट संघ. अकरा नावं ठरवायची, पंचांनी खाली सही करायची, मग ती यादी फळ्यावर रंगवून वर्षभर वाचनालयात लावायची. पंच म्हणून रघुनाथरावांना नेमलं होतं, कारण ते ना पांढुर्ण्याचे ना सावरगावचे. या गावात कुठलीही गोष्ट दोन बाजूंशिवाय होतच नसे. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर एकमेकांना दगड मारतात. हीच ती गोटमार. कोणाला झेंडा आणता आला तर ठीक, नाहीतर संध्याकाळी दोन्हीकडचे वडीलधारे तडजोड करतात, झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो, आणि ज्यांनी डोकी फोडली तेच डोक्याला हळद लावून देतात.

दगड मारायची सवय वर्षातून एका दिवसाची. तडजोडीची सवय मात्र बारमाही होती, आणि रघुनाथरावांना दगडांपेक्षा तिची जास्त किळस यायची. रिवाज असा होता की भांडण मिटवायचं तर दोन्ही बाजूंनी आपलं एक-एक सोडायचं, आणि सोडायचं ते वजनदार सोडायचं. पोळ्याच्या बैलांना बक्षीस द्यायचं असलं की पांढुर्ण्याची सगळ्यात देखणी जोडी आणि सावरगावची सगळ्यात देखणी जोडी आधी बाजूला काढत, म्हणजे कुरबूर नको. बक्षीस मिळे तिसऱ्याच कुठल्यातरी हाडं निघालेल्या जोडीला. तिचा मालकसुद्धा ओशाळून जाई. आणि सगळे खुशीत घरी जात की यंदा भांडण झालं नाही.

संघाचंही तेच. पांढुर्णेकरांनी नायडू धरले होते, कारण नायडू नागपूरचे, म्हणजे आपलेच. सोबत सलामीला इंग्लंडचा हॉब्ज. मग सावरगावनं ब्रॅडमन धरला. त्यांचे म्होरके यशवंतराव घागरे हे दोनशे संत्र्याच्या झाडांचे धनी. त्यांनी ब्रॅडमनचा खेळ पाहिला नव्हता, वाचलाही नव्हता. नागपूरच्या साडूकडे एका पुस्तकात त्याचा फोटो पाहिला होता आणि त्यात तो त्यांना आपल्या मोठ्या भावासारखा दिसला होता. एवढ्यावर ते पाच वर्षं भांडत होते. बॉलर कोण, विकेटकीपर कोण, याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. एका साली तर संघात दोन विकेटकीपर झाले आणि बारा नावं निघाली, तरी मोजायचं कोणाच्या मनात आलं नाही. वाद पेटला की शेवटी रिवाजाप्रमाणे ठराव येई, पांढुर्ण्यानं हॉब्ज सोडावा, सावरगावनं ब्रॅडमन सोडावा. आणि दर वर्षी रघुनाथराव उठून सांगत की ब्रॅडमनशिवायच्या संघाला जगातला सर्वश्रेष्ठ संघ म्हणणारं शाईचं एक अक्षर माझ्या हातून निघणार नाही.

पाच वर्षं फळा कोराच राहिला. वाचनालयात तो भिंतीला तसाच टांगलेला असे, वर सुबक अक्षरांत 'सर्वश्रेष्ठ संघ' आणि खाली काही नाही. लोक हसत. रघुनाथरावांना मात्र साऱ्या गावात पाहण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे असं वाटे.

त्या साली गणपतीच्या आधी भैय्याजींनी त्यांना दुकानात बोलावलं, गादीवर बसवलं, चहा मागवला. मग हळूच सांगितलं की तालुक्यातल्या मराठी शाळांतून दोन मास्तरांना पलीकडच्या राज्यात जायला मिळणार आहे. नावं शाळा-समितीनं सुचवायची. समितीत चौघं होते, दोन पांढुर्ण्याचे, दोन सावरगावचे, आणि भैय्याजी त्यांतलेच एक. एक नोव्हेंबरला नवी राज्यं झाली की हे दार बंद, मग कोणी बदली मागो की देव पाण्यात घालो.

"तुमचं नाव पांढुर्ण्याकडून पहिलं राहीन," भैय्याजी म्हणाले. "पण गुरुजी, यंदा फळा कोरा नको. भोपाळकडून साहेब येऊन राहिले गणपतीत. पाच वर्षं आमच्यात एकमत होत नाई, असं त्यायले दिसलं तर गावाची काय इज्जत राहीन?"

रघुनाथरावांनी विचारलं की आणि ब्रॅडमन?

"मी तुमच्या भल्याचं सांगून राहिलो. ब्रॅडमन काही पांढुर्ण्यात येऊन विचारनार नाई, मले काहून सोडलं म्हनून."

रघुनाथरावांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. भैय्याजींची किळस आलीच होती. पण त्याहून जास्त किळस त्यांना याची आली, की दुकानाची पायरी उतरायच्या आत मनात काटोलच्या घराचं कुलूप उघडून झालं होतं, सुधाचं दप्तर खुंटीला लागलं होतं, आणि सोमवारची पहाटेची गाडी कायमची सुटली होती.

चर्चेच्या दिवशी वाचनालय भरून गेलं. गोटमार होऊन आठवडाही झाला नव्हता, त्यामुळं निम्म्या वक्त्यांच्या डोक्याला पट्ट्या होत्या. साहेब खुर्चीत बसले होते आणि पुनःपुन्हा घड्याळ बघत होते. त्यांना क्रिकेटमध्ये गोडी असल्याचं भैय्याजींनी सांगितलं होतं. ती कुठं दिसली नाही. इंग्लंडात लेकरनं नुकतेच एका सामन्यात एकोणीस बळी घेतले होते. ते कात्रण रघुनाथरावांनी मुद्दाम खिशात आणलं होतं. पट्टीवाल्या एकानं लेकरचं नाव ऐकून विचारलं की हा कोणाकडून आहे, आमच्याकडून का त्यांच्याकडून? रघुनाथरावांनी कात्रण परत खिशात घातलं.

मग नेहमीचं झालं. आरडाओरडा, मग वडीलधारे पुढे, मग ठराव. पांढुर्ण्यानं हॉब्ज सोडला. यशवंतराव ब्रॅडमनला सोडताना खरोखर रडवेले झाले, सख्खा भाऊ वाटणी मागायला उभा राहिल्यासारखे. रिकाम्या दोन जागांवर मंकड आणि हजारे घातले. हजारे हे रघुनाथरावांचे जीव की प्राण. ॲडलेडला दोन्ही डावांत शतकं ठोकली तेव्हा त्यांनी शाळेत पेढे वाटले होते. पण ब्रॅडमनला उठवून त्या जागी बसा, असं कोणी हजारेंना म्हटलं असतं तर त्या गृहस्थानं पॅड सोडून घरची वाट धरली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि ठराव मांडताना भैय्याजींनी वर तत्त्वही सांगितलं, की हलकं नाव सोडणं म्हणजे तडजोड नव्हे, वजनदार सोडलं तरच ती तडजोड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

कागद पंचांपुढं आला. सगळे वाट बघत होते, काहीजण गालातल्या गालात हसत होते, की आता नाकमुरडे गुरुजी उठणार. रघुनाथराव उठले नाहीत. त्यांनी अकरा नावं वरून खाली एकदा वाचली आणि टाक बुडवून सही केली, र. गो. ढोके, पंच. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचा त्यांना पुढे बरेच दिवस राग होता. मागं कोणीतरी म्हणालं, मास्तरलेही भाव असते. ते त्यांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

शनिवारी काटोलला त्यांनी प्रेमलतेला सगळं सांगितलं. ती संत्री सोलून सुधाला देत होती. तिनं ऐकून घेतलं आणि तिला हसू आवरेना.

"त्या ब्रॅडमनले काय फरक पडनार आहे?" ती म्हणाली. "तुम्ही इकडं आले म्हणजे झालं."

तिच्या हसण्यानं त्यांना बरं वाटलं. खरंच काय फरक पडणार होता? त्यांनी सुधाच्या शाळेची चौकशी केली, अंगणात न्हाणीसाठी चार फरश्या बसवायचं ठरवलं, ट्रंक कुठल्या कोपऱ्यात राहील ते पाहून ठेवलं. सोमवारी गाडीत बसल्यावर मात्र त्यांना ती सही आठवली आणि नरखेडपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरच तोंड ठेवलं.

दिवाळीच्या तोंडावर यादी आली. शाळेच्या दारावर चिकटवली होती. पहिलं नाव पांढुर्ण्याकडचे वसंत खोडे, कवायतीचे मास्तर. त्यांचं घर, बायको, म्हातारे आईबाप आणि संत्र्याची बाग इकडच्याच बोरगावात होती आणि पलीकडे जायचं त्यांनी कधी स्वप्नातही आणलं नव्हतं. यादी वाचून ते व्हरांड्यात भुईवर बसले होते. दुसरं नाव असंच एका सावरगावच्या मास्तराचं, ज्याला निवृत्तीला सात महिने राहिले होते. तिसरं नाव नव्हतं. रघुनाथरावांनी यादी खालून वर वाचली, मग पुन्हा वरून खाली.

ते तसेच भैय्याजींच्या दुकानात गेले. दुकानात दिवाळीची गर्दी होती, नव्या राज्याच्या स्वागताची कमान बाहेर अर्धी उभी होती. भैय्याजींनी त्यांना बघून गिऱ्हाइकं बाजूला सारली, गादीवर बसवलं, आणि चहाही मागवला. त्यांच्या तोंडावर लाज नव्हती. खोटेपणाही नव्हता, आणि तेच फार भयंकर होतं. त्यांनी अगदी घरच्यासारखं समजावून सांगितलं. पांढुर्ण्याकडून पहिलं नाव गुरुजींचंच होतं. सावरगावकडून पहिलं नाव त्यांच्या इंग्रजीच्या मास्तराचं, तोही माणूस हिऱ्यासारखा. पण दोन्हीकडून दोन-दोन नावं, दुसरी नुसती भरतीची, जागा दोनच, आणि दोन्ही जागा दोन्ही बाजूंना हव्या. दोन दिवस वाद झाला. मग मिटवावं तर लागलं.

"तुमचं नाव सोडताना मले लय वाईट वाटलं, गुरुजी," भैय्याजी म्हणाले. "पण हलकं नाव सोडलं असतं तर सावरगाव कुठून मानते? तुमच्यावानी वजनदार मानूस सोडला, तेव्हा त्यायनंही आपला सोडला. अन् रिवाज तर तुमाले मान्य आहे. सही तुमचीच आहे ना."

रघुनाथरावांनी समोरचा चहा, का कोण जाणे, पूर्ण पिऊन टाकला.

तिथून ते वाचनालयात गेले. फळा रंगवून झाला होता. पहिला नायडू, कप्तान. मधे मंकड, हजारे. खाली पेंटरनं त्यांची सहीसुद्धा हुबेहूब उतरवली होती, ढोकेतल्या ढच्या गाठीसकट. दोन माणसं बाकावर वर्तमानपत्र वाचत होती. त्यांतल्या एकानं गुरुजींना बघून म्हटलं, आता कसं भरल्यासारखं वाटते. रघुनाथरावांना त्या माणसाचा वीट यायला हवा होता. तो आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना समोरच्याची नाही, फक्त आपली शिसारी आली, आणि तिच्यात नाक मुरडण्यापुरतीही जागा नव्हती.

नवं राज्य आलं ते दिवाळीतच. पणत्या कोणासाठी लावल्या ते ज्यानं त्यानं आपलं ठरवलं. शनिवारी रघुनाथराव काटोलला गेले. प्रेमलतेनं अंगणात न्हाणीसाठी चार फरश्या आणून ठेवल्या होत्या. त्यांनी तिला समितीत काय झालं ते सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ती या वेळी हसली नाही. आत जाऊन तिनं चुलीवर भात चढवला. त्या फरश्या पुढे पाटा-वरवंट्याखाली गेल्या.

रघुनाथराव पुढे सतरा वर्षं ती पॅसेंजर धरत राहिले, सेवा संपेपर्यंत. सुधाचं लग्न झालं तेव्हाही ते आदल्या दिवशी पाहुण्यासारखे पोचले. पंच म्हणून ते पुन्हा कधी बसले नाहीत, आणि आश्चर्य म्हणजे पानाच्या पिचकाऱ्यांवर, कापलेल्या वर्तमानपत्रांवर त्यांनी पुन्हा कधी तोंड वाकडं केलं नाही. गाव म्हणालं, गुरुजी निवळले. सरासरी शिकवताना ते आता झाडांची, पावसाची उदाहरणं घेत.

फळा तिथंच राहिला. रंग उडाला की वाचनालयवाले नवा देत, सहीसकट. मधूनच कोणी नवखा पाहुणा, मास्तर किंवा ठेसनावरचा बाबू, फळ्यापुढं उभा राहून नावं मोजायचा आणि हसून विचारायचा, की जगातला सर्वश्रेष्ठ संघ, आणि त्यात ब्रॅडमन नाही? कोणत्या गाढवानं केला हा?

रघुनाथराव बाकावर असले तर वर्तमानपत्र खाली ठेवत, चष्मा काढत आणि त्या माणसाकडे नीट बघून सांगत, "मी केला. खाली सही माझीच आहे."

शनिवार असला तर लगेच उठत, कारण गाडीची वेळ झालेली असे.